डीएलएल फोल्डरमध्येच आहे, तरी सी-शार्प म्हणतं ‘सापडली नाही’

सी-शार्प प्रोग्रामच्या एक्झीच्या (चालवायच्या फाइलच्या) शेजारी सी प्लस प्लसची डीएलएल (प्रोग्राम वापरतो ती तयार कोडची फाइल) ठेवूनही दुसऱ्या मशीनवर ‘डीएलएल नॉट फाउंड’ येतंय, असं तुम्ही म्हणताय. बहुतेक वेळा तुमची डीएलएल प्रोग्रामला सापडलेली असते. ती ज्या दुसऱ्या डीएलएलवर अवलंबून आहे, ती सापडत नाही. मेसेज मात्र तुमच्याच फाइलच्या नावाने बोंब मारतो.

व्हिज्युअल स्टुडिओच्या कमांड प्रॉम्प्टवर डंपबिन हे टूल, ‘डिपेंडंट्स’ ऑप्शनसह, तुमच्या डीएलएलवर चालवा; ती कोणत्या डीएलएलवर अवलंबून आहे त्याची यादी मिळेल. यादीत ‘व्हीसीरनटाइम१४०डी’ दिसलं की चोर सापडला. शेवटचा ‘डी’ म्हणजे डीबग (चुका शोधण्यासाठीची आवृत्ती), आणि ही फाइल रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेजमध्ये (दुसऱ्या मशीनवर टाकायच्या सी प्लस प्लसच्या रनटाइम फाइल्सच्या संचात) येत नाही. तुमच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ असल्याने तिथे सगळं सुरळीत चालतं. डीबगऐवजी रिलीज बिल्ड (वाटपासाठीची आवृत्ती) करा आणि दुसऱ्या मशीनवर ते पॅकेज टाका. (याच एका ‘डी’ने माझा अख्खा दिवस खाल्ला होता.)

३२-६४ बिटचा घोळ असता तर सहसा ‘बॅड इमेज फॉरमॅट’ आलं असतं, त्यामुळे तिकडे आत्ता जाऊ नका. यानंतर ‘एंट्री पॉइंट नॉट फाउंड’ आलं, तर घाबरू नका, डीएलएल लोड झालीये. सी प्लस प्लसचा कंपायलर फंक्शनची नावं बदलतो, म्हणून सी-शार्पला मूळ नावाचं फंक्शन सापडत नाही. नाव तसंच राहावं म्हणून सी प्लस प्लसच्या कोडमध्ये एक्स्पोर्ट केलेल्या (बाहेरून वापरायच्या) फंक्शनआधी ‘एक्स्टर्न सी’ लावा.