घरच्या घरी बाइक सर्व्हिसिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २०१७ ची स्प्लेंडर प्लस आहे. ऑइल घरीच बदलायचं ठरवलंय. दुकानदार २०डब्ल्यू-४० घ्या म्हणतो, भाऊ म्हणतो कारचं उरलेलं ऑइल चालेल. कोणतं टाकू आणि किती? (बारामती)

भावाचं ऐकू नका. कारचा क्लच बहुधा कोरडा आणि इंजिन ऑइलपासून वेगळा असतो, तुमच्या गाडीचा मात्र इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला आहे. कारच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. त्यांनी क्लचप्लेटा घसरतात. चढावर इंजिन ओरडतं, गाडी काही पुढे ओढत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) छापलेलं पाहून घ्या. ‘एमबी’ लिहिलेलं स्कूटरचं, ते नको. स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. २०डब्ल्यू-४० त्याहून जाड. जाड ऑइलने जुन्या इंजिनाचा आवाज थोडा दबतो, म्हणून दुकानदार तसं सुचवतात. पण सकाळी गार इंजिनात ते वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापर्यंत) उशिरा पोचतं.

इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, खाली पसरट घमेलं ठेवा आणि १७ मिमीच्या रिंग पान्याने ड्रेन बोल्ट (इंजिनाच्या तळाचा, ऑइल काढायचा बोल्ट) सोडा. स्क्रू पाना लावू नका, बोल्टचे कोपरे गोल होतात. खाली वाकून काम करताना दिशा उलटसुलट वाटते आणि सोडण्याऐवजी बोल्ट आवळला जातो. बोल्ट लोखंडी, केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं. अशा वेळी आटे केसिंगचेच जातात आणि वाचवलेल्या मजुरीच्या कित्येक पट खर्च येतो. ऑइलची धार थांबली की चावी बंद ठेवून चार-पाच किक मारा, आत अडकलेलं निघेल. वायसर नवा घाला. बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवा, मग छोट्या पान्याने घट्ट करा. पान्याला पाइप लावून जोर काढायचा नाही.

ऑइल पाऊण लिटरच्या आसपास लागतं, त्यामुळे ९०० मिलीचा अख्खा डबा ओतू नका. सुरुवातीला ७०० मिली ओता, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढंच थांबा आणि ऑइल भरायच्या झाकणाची काडी पुसून पातळी बघा. काडी आट्यांत फिरवायची नाही, नुसती टेकवायची. गाडी साइड स्टँडवर असेल तर पातळी चुकीची दिसते. खुणेच्या वर भरलेलं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि धूर सुरू होतो.

या गाडीला वेगळा कागदी ऑइल फिल्टर नाही. आतली जाळी साफ करायला उजवं कव्हर उघडावं लागतं आणि नवं पॅकिंग लागतं. ते काम मेकॅनिकलाच करू द्या.

प्रश्न : चेन खडखडत होती म्हणून स्वतः ताणली. आता आवाज नाही, पण गाडी जड चालते आणि मागचा ड्रम तापतो. (अहिल्यानगर)

चेन ताणताना चाक मागे सरकतं आणि ब्रेकचा रॉड आपोआप ओढला जातो. ब्रेक शू ड्रमला टेकूनच राहिले असणार. रॉडच्या टोकाचा नट सैल करून पेडलला २० ते ३० मिमी मोकळी चाल द्या, मग स्टॉप लाइटचा स्विच तपासा. पेडल न दाबता दिवा लागत असेल तर तोही जुळवावा लागेल.

चेनही बहुधा फार ताठ झाली आहे. खालच्या बाजूला दोन्ही चक्रांच्या मधोमध ती वर-खाली मिळून २० ते ३० मिमी हलायला हवी. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते, म्हणून चाक हळूहळू फिरवत सर्वांत ताठ जागा शोधा आणि माप तिथेच घ्या. सैल जागी माप घेऊन ताणली, की ताठ जागेचा सगळा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्हीकडे सारख्या ठेवा. साधी (कड्यांत रबरी रिंग नसलेली) चेन डिझेलने धुऊन, कोरडी करून ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. ग्रीसवर धूळ चिकटते आणि तिची किसणी होते. जोडकडी (चेनची दोन टोकं जोडणारी, क्लिप लावलेली कडी) काढली असेल तर परत बसवताना क्लिपचं उघडं तोंड चेनच्या धावण्याच्या उलट दिशेला हवं.

प्रश्न : एअर फिल्टर कंप्रेसरच्या हवेने साफ करून पुन्हा वापरू का? (लातूर)

फिल्टर कोणत्या प्रकारचा, त्यावर आहे. कोरडा कागदी असेल तर आतून बाहेर, हलक्या दाबाने. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, थोडं ऑइल लावून पिळा. हाताला तेलकट लागणारा कागदी फिल्टर मात्र साफ करायचाच नसतो, मुदतीला बदलायचा. हवा मारली की तेलाचा थर जातो आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये.

प्रश्न : पुढच्या डिस्क ब्रेकचं ऑइल घरी बदलता येईल का? (चिपळूण)

पहिल्यांदाच पाना धरत असाल तर नको. नळीत हवा राहिली तर लिव्हर स्पंजासारखा दबतो आणि ब्रेक लागत नाही. घरी पातळी आणि रंग तेवढा बघा. हे द्रव हवेतली ओल शोषतं. गडद तपकिरी झालं की गॅरेज गाठा. कोणत्या प्रतीचं द्रव लागतं, डॉट ३ की डॉट ४, ते झाकणावर लिहिलेलं असतं.

प्रश्न : काढलेलं ऑइल चेनला लावलं तर? उरलेलं कुठे टाकू? (सांगली)

चेनला लावू नका, त्यात कार्बन आणि धातूचे बारीक कण असतात. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशीही नको. रिकाम्या डब्यात भरून मोठ्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडून जुनं ऑइल गोळा करणारे ते घेऊन जातात.