चालू हप्त्यावरचा ट्रक विकताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ ची बारा टायरची गाडी, नॅशनल परमिट, फायनान्सचे काही हप्ते बाकी. दलाल म्हणतोय, ‘कर्जाच्या वरचे पैसे घ्या, उरलेले हप्ते पार्टी भरेल, टीटीओ फॉर्मवर (मालकी बदलाच्या फॉर्मवर) सह्या करून चावी द्या.’ असं करावं का, आणि भाव किती धरावा?

असं करू नका. चालू हप्त्यावर गाडी देणं हा आपल्या धंद्यातला जुना प्रकार आहे आणि सुरुवातीचे काही महिने तो सुरळीत चालतोही. पण कर्ज तुमच्या नावावर, आरसी तुमच्या नावावर, आणि गाडी कोणत्या राज्यात कोणाच्या हातात आहे याचा तुम्हाला पत्ता नाही. समोरच्याने हप्ता थकवला की सिबिल तुमचं बिघडतं. त्याहून वाईट म्हणजे अपघात. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक; मधल्या काळात गाडी हातोहात विकली गेली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच. विमा चालू असेल तर कंपनी भरेल, पण तो वेळेवर भरला जातोय का हे कोण बघणार? नोटरीचा कागद तिथे कामाला येत नाही.

सरळ रस्ता असा. फायनान्स कंपनीकडून फोरक्लोजर लेटर घ्या, म्हणजे आजच्या तारखेला किती भरलं की कर्ज संपतं ते कळेल. घेणारा बहुधा स्वतःही फायनान्सच करतो, तर त्याच्या कंपनीला सांगा की तेवढी रक्कम थेट तुमच्या कंपनीला द्या आणि वरची तुमच्या खात्यात. मग कर्ज फिटल्याची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येतो, आरसीवरचा बोजा उतरतो, आणि फॉर्म २९, ३० वर ट्रान्सफर होते. पार्टी परराज्यातली असेल तर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, वेगळी. चासी नंबरचे पेन्सिलने घासून काढलेले ठसे आधीच दोन-चार जास्त काढून ठेवा, एजंट ऐनवेळी मागतोच. कोऱ्या फॉर्मवर सही मात्र कोणाच्याही भरवशावर नको.

आता भाव. ऑनलाइन दिसतो तो मागितलेला आकडा, सौद्याचा नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे घेणारा लगेच नव्या गाडीचा हिशोब तोंडावर टाकतो. तुमची जमेची बाजू म्हणजे मल्टिअ‍ॅक्सल (दोनाहून जास्त अ‍ॅक्सलची) असल्याने नॅशनल परमिट १५ वर्षांपर्यंत मिळतं (दोन अ‍ॅक्सलच्या गाडीला १२ च). बीएस-६ या नव्या प्रदूषण नियमाच्या गाडीतल्या सेन्सरला कंटाळलेले मालक जुन्या नियमाची, तुमच्यासारखी बीएस-४ गाडी शोधतातही. पण दिल्लीकडे माल नेणाऱ्या पार्टीच्या फार मागे लागू नका. तिथे बाहेरच्या बीएस-४ मालवाहू गाड्यांना दिलेली सवलत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. राज्यातली किंवा दक्षिणेकडची पार्टी बघा, आणि घाई नसेल तर भर पावसाळ्यात विकू नका. दसऱ्यानंतर माल सुटला की गिऱ्हाईक आपणहून येतं.

जाणकार पार्टी मिस्त्री सोबत आणते. मिस्त्री रंगाकडे बघतसुद्धा नाही. थंड गाडी स्टार्ट करायला लावतो, मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरतो. धुराचा झोत आला, हाताला तेलाचे शिंतोडे लागले, की ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणून इंजिनकामाचा सगळा खर्च भावातून वजा. मग गाडीखाली शिरतो. केबिनच्या मागे किंवा मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी चासीला वेल्डिंग दिसलं तर गाडी ओव्हरलोड चाललीय हे त्याला सांगावं लागत नाही. मग टायर: किती कंपनीचे, किती रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले). हीच तपासणी आधी तुमच्या मिस्त्रीकडून करून घ्या, म्हणजे समोरचा किती खोटं कापतोय ते कळेल.

रंगरंगोटी आणि नव्या टायरांत पैसे घालू नका, ते भावात परत येत नाहीत. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) मात्र करून ठेवा. आठ वर्षांवरच्या गाडीला ते दरवर्षी लागतं, वर पर्यावरण कर. इतक्या वजनाच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच चाळीस हजारांवर जातो, तेव्हा मुदत शिल्लक असेल तर ती सौद्यात बोलून दाखवा. तुमचा नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही, कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा.

सीएला आधी विचारा. ट्रकवर घसारा (दरवर्षी धरली जाणारी किमतीतली घट) ३० टक्के, त्यामुळे ३० लाखांची गाडी आठ वर्षांत हिशेबाच्या पुस्तकात पावणेदोन लाखांच्या आसपास उरते. ती १२ लाखांना विकली तर सव्वादहा लाख फायदा धरला जाऊ शकतो, आणि जीएसटी नोंदणी असेल तर त्या फरकावर १८ टक्के. टनामागे महिना हजार रुपये धरून उत्पन्न दाखवत असाल तरी आयकरात घसारा घेतलेलाच मानतात. दोन लाख किंवा त्यावर रोख घेऊ नका, दंड तेवढाच बसतो.

गाडी देताना ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटर लिहा, पार्टीच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स घ्या, फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, ई-चलन आधीच भरून टाका. विक्रीची खबर आरटीओला १४ दिवसांत द्यायची असते. आणि ट्रान्सफर होईपर्यंत पार्टीकडून काही रक्कम डिपॉझिट ठेवून घ्या. नवी आरसी दाखवली की परत. याला जी पार्टी आढेवेढे घेते, तिला गाडी देऊ नका.