सतरा वर्षांची पोरगी, सहावा महिना, अन् घरचे म्हणतात बाळंतपण घरीच करू

प्रश्न: डॉक्टरताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. माझ्या पुतणीचं मागच्या साली कापूस विकल्यावर लग्न लावून दिलं. आता ती सतराची आहे, अन् तिले सहावा महिना लागला. एकदा उपकेंद्रात नेलं होतं, तिथं वय एकोणीस सांगितलं, रक्त (हिमोग्लोबिन) आठ निघालं. त्यानंतर सासू जाऊच देत नाही. म्हणते रक्तवाढीच्या (लोहाच्या) गोळ्यांनी लेकरू काळं होते, जास्त खाल्लं तर मोठं होऊन अडते, अन् दवाखान्यात खरं वय कळलं तर केस होईल. तिचं स्वतःचं पहिलं लेकरू पंधराव्या वर्षी घरीच झालं म्हणते. मले लय भेव वाटते, काय करू?

उत्तर: ताई, तुमचं भेव खरं आहे आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते एकोणीस सांगितलेलं वय. सतरा लिहिलं असतं तर तिची नोंद जोखमीची माता म्हणून झाली असती, सिस्टर अन् आशाताई मागे लागल्या असत्या. सासूबाईंचं निभावलं हे चांगलंच झालं, पण त्यांच्याच काळात किती पोरी बाळंतपणात गेल्या ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून बघा.

या वयात पोरीचं स्वतःचं अंग अजून भरायचं असतं, म्हणजे तिलाही पाहिजे अन् बाळालाही पाहिजे, आणि त्यात रक्त आठ. गरोदरपणी ते ११ च्या वर पाहिजे. आठवर बाळंत झाली अन् रक्तस्राव जास्त झाला तर अंगात सोसायची ताकद राहत नाही. कमी वयात बीपी वाढून झटके यायचा धोकाही वीस-चोवीसच्या बाईपेक्षा जास्त असतो. डोकं खूप दुखणं, डोळ्यासमोर अंधारी, चेहरा-हात सुजणं, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करा. झटके आले तर बाहेरचं झालं म्हणून कोणाकडे उतरवायला नेऊ नका, त्यात वेळ जातो.

बाळ दिवसाआधी होणं किंवा अडीच किलोच्या आत भरणं हेही कमी वयाच्या आईत जास्त होतं. अशा बाळाला ऊब राहत नाही, ओढून पिता येत नाही, कधी श्वासाचा त्रास होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांचा स्पेशल विभाग असतो, घरी ते कुठून आणणार?

गोळ्यांनी लेकरू काळं होत नाही, काळी होते ती फक्त शौच, अन् त्याला घाबरायचं काही नाही. रक्त आठ आहे तर गोळी दिवसातून किती वेळा ते डॉक्टर ठरवतील, चहासोबत घेऊ नका, लिंबू-पाण्यासोबत चांगली लागू पडते. सिकलसेलची (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी पण करून घ्या, आपल्या विदर्भात ते बरंच आहे. अन् पोरीला पोटभर जेवू द्या, भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, खात असाल तर अंडी. उपाशी ठेवून बाळंतपण सोपं होत नाही, आई अशक्त अन् बाळ बारीक होतं.

आता केसचं. खोटं सांगणार नाही, अठराच्या आत असल्यावर पोक्सो कायद्यानं (अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागते. त्याचा त्रास घरच्यांना होईल हे मान्य, पण पोरगी आरोपी नसते आणि केस आहे म्हणून कोणताही सरकारी दवाखाना बाळंतपण नाकारू शकत नाही. त्या त्रासापायी तिला घरी ठेवायला मी तरी कधीच सांगणार नाही. तुम्हाला काही सुचलं नाही तर १०९८ ला फोन करा, मुलांसाठीची फुकट लाईन आहे.

येत्या ९ तारखेला तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा, दर महिन्याच्या ९ ला गरोदर बायांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी असते. पण रक्त आठ आहे, ९ तारीख लांब असेल तर थांबू नका, उद्याच जा. खरं वय सांगा, अन् बाळंतपण कुठे करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा. गाडी कोणाची, सोबत कोण जाणार, रक्त लागलं तर देणारे कोण, हेही आत्ताच ठरवा. बाळंतपणानंतर आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांना आत येऊ द्या. आणि पुढचं लेकरू निदान दोन वर्ष नको, त्याबद्दल तांबी की इंजेक्शन हे बाळंतपणाआधीच सिस्टरशी बोला, नंतर घरात कोणी बोलू देत नाही.