तारब, तराब आणि सारंगीच्या तारा

प्रश्न आहे: पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटाच्या 'तराब' गाण्यांना मराठीत 'आफ्रिकी लोकसंगीत' म्हणावं का? इंग्रजीत त्यांना 'पॉप्युलर' म्हणतात, आणि पॉप्युलर म्हणजे लोकांचंच ना?

नाही. आफ्रिकेतून काहीही आलं की त्यामागे 'लोक' लावायचं, ही आपली जुनी खोड. मग काँगोतल्या लुबुंबाशी शहरात पिठाच्या पोत्यावर देशाचे पहिले पंतप्रधान लुमुंबा यांचं चित्र काढून विकणारा चित्रकारही 'लोककलावंत' ठरतो! अशा कला ना परंपरेच्या चौकटीत बसतात, ना शिकलेल्या अभिजनांच्या, हे आफ्रिकी कलांच्या अभ्यासक कॅरिन बार्बर यांनी १९८७ सालीच मांडून ठेवलंय. हे मधलं क्षेत्र निसरडं आहे, हेही त्या मान्य करतात. 'लोक' म्हटलं की ते निसरडेपणच पुसलं जातं.

असो. खरी गंमत शब्दात आहे. अरबी 'तरब' म्हणजे गाणं ऐकताना भान सुटणं. झांझिबारच्या स्वाहिली भाषेत पहिला स्वर लांबला, म्हणून 'तारब', 'तराब' नव्हे. झांझिबारच्या सुलतानाच्या दरबारात ही गाणी अरबीत चालत. मडकी विकणाऱ्या सीती बिंती साद यांनी ती स्वाहिलीत आणली, आणि १९२८ साली त्या तबकड्या भरायला आल्या कुठे? आपल्या मुंबईत! याला लोकसंगीत म्हणायचं?

हाच 'तरब' आपल्याकडेही आहे, असं मला वाटतं. सारंगी जवळून पाहा. गज फिरतो आतड्याच्या तीन तातींवर. खाली पस्तीसेक बारीक तारा, त्यांना गज लागतच नाही. वर सूर नेमका लागला की त्या आपसूक झणझणतात. त्यांना आपण 'तरफेच्या तारा' म्हणतो. तरफ म्हणजे बाजू, खुंट्या बाजूला असतात म्हणून तरफ, असं काही जाणकार ठासून सांगतात. मग सतारीच्या मुख्य तारांना तरफ का म्हणत नाहीत? त्यांच्याही काही खुंट्या बाजूलाच असतात की! शिवाय कित्येक वादक सरळ 'तरब' म्हणतात, त्यांना अडाणी ठरवणार? माझ्या मते मूळ 'तरब'च: कोणी न छेडता आतून थरारणारी तार. ऐकणाऱ्याचंही तेच होतं. 'ब'चा 'फ' जिभेनं केला आणि 'बाजू' हा अर्थ मागाहून चिकटवला. याला कोशाचा दाखला मागू नका, सारंगी ऐका.

हां, तुमचा प्रश्न. नुसतं 'तारब' लिहा. गझलेला आपण कुठे 'अरबी लोककाव्य' म्हणतो?