फ्लर्ट म्हणजे नेमकं काय? आणि हा शब्द आला कुठून?

प्रेमाचं काहीच ठरलेलं नसताना गमतीगमतीत केलेली लाडीगोडी म्हणजे फ्लर्ट. रंकाळ्यावर भेळ खाताना तो म्हणतो, "तुझ्या पुड्यातली भेळ जास्त गोड लागते." ती आपल्या पुड्यातली मिरची उचलून त्याच्या हातावर ठेवते. दोघं हसतात आणि आपापल्या गाडीवरून घरी जातात. एवढंच! आपल्याकडं याला सरसकट 'लाईन मारणं' म्हणतात, पण ते बहुतेक वेळा एकतर्फी असतं. फ्लर्टला समोरच्याचीही साथ लागते. ती नसताना चालू ठेवलंस तर तो सरळ त्रास झाला, भावा.

शब्दाचं मूळ मात्र प्रेमाबिमाचं नाही. 16व्या शतकातल्या इंग्रजीत त्याचे अर्थ होते टिचकी मारणं, झटका देणं, टोमणा मारणं. पक्ष्यानं शेपूट झटकन हलवली तरी इंग्रजीत आजही हेच क्रियापद चालतं. पुढं चंचल, उथळ मुलीला हे नाव चिकटलं (दोष पोरींनाच, तिकडंही तेच!) आणि 18व्या शतकात प्रेमाचा लटका खेळ हा अर्थ पक्का झाला.

फ्रेंचमधल्या 'फ्लरेत', म्हणजे छोटं फूल, या शब्दावरून तो आला असं बरेच जण सांगतात. ऐकायला झकास आहे, पण कोशकारांचा कल वेगळा आहे: आपल्या 'फटकन'सारखा तो आवाजातून, झटक्यातून घडला असावा. फ्रेंचांनी तर 19व्या शतकात प्रेमाच्या अर्थानं तो इंग्रजीतूनच उचलला.