पहिलं गोर्गोन भिंतीवर लावताना

मेदूसा (ग्रीक पुराणकथेतली, केसांच्या जागी साप असलेली गोर्गोन राक्षसीण) भिंतीसाठी करायचीच असेल तर सुंदर, खिन्न चेहऱ्याची नको, ती नंतरची. वाईटाला दूर ठेवणाऱ्या राखणीचं खरं रूप आर्केइक, म्हणजे प्राचीन ग्रीक कलेच्या सुरुवातीच्या काळातलं: समोर रोखलेले बटबटीत डोळे, बाहेर आलेली जीभ, सुळे. ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिस मंदिराच्या दर्शनी त्रिकोणावर (इ.स.पू. 580च्या सुमाराची) आहे तशी. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख आठवा, नजर तीच.

30 सेंमी व्यासाची, अडीच सेंमी जाडीची प्लास्टर ऑफ पॅरिसची तबकडी पुरे. शाडूत चेहरा घडवा आणि साचा सिलिकॉनचाच घ्या. सापांच्या वेटोळ्यांखाली खाचा राहतात. प्लास्टरच्या कडक साच्यात त्या अडकतात आणि काढताना नेमकं नाक तुटतं.

ओतायला साधारण 1.7 किलो प्लास्टर, 1.2 लिटर पाणी. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, उलट नाही. उलट केलंत की गुठळ्या. दोन मिनिटं भिजू द्या, मग हळू ढवळा. जोरात घोटलं तर हवा शिरते आणि डोळ्याच्या बुबुळावरच छिद्र पडतं. आधी पातळ थर ब्रशने साच्यात लावा, मग उरलेलं ओता. मागच्या थरात काथ्या आणि गॅल्व्हनाइज्ड तारेचा फास दाबा. साधी तार गंजून पुढे तांबूस डाग उमटतो.

रंगाची घाई नको. आठवडाभर वाळू द्या. हाताला गार लागतंय म्हणजे आत ओल आहे, आणि ओलीवर दिलेला अॅक्रिलिक रंग पापुद्र्यासारखा सुटतो. पांढरंच ठेवण्याचा हट्टही नको, मूळ ग्रीक मूर्ती रंगीतच असायच्या.