आयटीआयच्या प्रोजेक्टला स्क्रू जॅक जमेल का, की हातोडीच बरी?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर भागातला आहेस, मशिनिस्टच्या दुसऱ्या वर्षाला. सर म्हणतात हातोडी करा, लवकर उरकते. मित्र म्हणतात बेळगावच्या उद्यमबागेतून, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतून, तयार जॅक आण आणि रंग मार. तुला स्क्रू फिरवून वजन उचलणारा जॅक स्वतः करायचाय, पण चौकोनी आटे कधी पाडलेले नाहीत. मी उद्यमबागेत बावीस वर्षं लेथवर उभा आहे, त्यामुळं सरळ तू म्हणतोय, राग मानू नकोस.

जॅकच कर. हातोडी वाईट नाही, पण तिचं प्रत्येक माप एकटं असतं. अर्धा मिलिमीटर जास्त गेला तरी हातोडी ती हातोडीच. जॅकमध्ये स्क्रू आणि नट एकमेकांत फिरायला लागतात, तिथं लपवायला जागा नाही. तयार आणलास तर परीक्षक एवढंच विचारेल, गिअर कुठले लावले होतेस? मग काय सांगणार?

आता मापं. पोरं २० मिलिमीटरचा स्क्रू धरतात, माल कमी लागतो म्हणून. तिथंच फसतात. चौकोनी आट्याची खोली पिचच्या, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतच्या अंतराच्या, निम्मी असते. २० ला ४ चं पिच धरलंस तर नटाचं भोक उरतं १६ चं. त्यातून आतले आटे पाडायचे म्हणजे टूल धरणारा बार बोटाएवढा बारीक होतो, थरथरतो आणि आट्यावर लाटा उठतात. ३० चा स्क्रू घे, पिच ६. खोली ३, गाभा २४, नटाचं भोक २४.२५ ठेव. १६ चा बार आरामात आत जातो.

पिच ६ सांगायला आणखी एक कारण आहे. तुमच्या वर्कशॉपच्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे टूलला पुढं नेणारा लांब स्क्रू, ६ मिलिमीटर पिचचा असला तर गिअर एकास एक लागतात आणि हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) कुठंही लावलास तरी टूल त्याच खाचेत येतं. पण बऱ्याच जुन्या लेथचा लीड स्क्रू इंची असतो, इंचाला चार आटे. तिथं १२० दात चालवणारा आणि १२७ दात चालणारा गिअर लागतो. १२७ हा आकडा कुठून आला, तर २५.४ गुणिले ५. आणि इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना हाफ नट उघडायचा नाही. कट संपला की टूल मागं घ्यायचं, मशीन उलटं फिरवायचं, तसंच परत यायचं. कंटाळा येतो, पण यायचं.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. पहिल्याच वर्षी आमच्या शेडमध्ये असाच ३० चा स्क्रू माझ्याकडं आला. मिस्त्री बैलहोंगलकडचे, बोलणं सगळं कन्नड. मी जांबोटीच्या बाजूचा, शाळा मराठी, माझं कन्नड बसचं तिकीट काढण्यापुरतं. तिसरा कट झाला, मला वाटलं किती वेळ उलटं फिरवत बसायचं, म्हणून हाफ नटच्या दांड्याला हात घातला. पलीकडून मिस्त्री ओरडले, "बिडब्याड! बिडब्याड!" मी ऐकलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. कोपऱ्यात बिडाची कास्टिंग पडली होती, मी मान वळवून तिकडं बघितलं. ती आणायला सांगतात वाटलं. तोवर हाताखाली हाफ नट उघडला होता. बिडब्याड म्हणजे सोडू नको, हे मला त्या दिवशी कळलं. परत लावला तेव्हा टूल खाचेत न जाता सरळ आट्याच्या माथ्यावर चढलं आणि तयार आटे मधोमध चिरले गेले. मिस्त्री शिव्या देतील म्हणून मी उभा. ते आले, स्क्रूवर अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "निधान." सावकाश. तो तुकडा त्यांनी खिडकीत ठेवला. मी त्या शेडमधली नोकरी सोडली तेव्हाही तो तिथंच होता, धूळ खात.

असो. टूलकडं येऊ, कारण पुढची गडबड तिथं होते. हे आटे तिरके चढतात, ३० ला ६ पिच असताना मधल्या व्यासावर साधारण ४ अंश, बुडाशी साडेचार. म्हणून ३ मिलिमीटर रुंदीचं टूल घासताना दोन्ही बाजूंना सारखा उतार देऊन चालत नाही. उजव्या हाताचे आटे हेडस्टॉककडं, म्हणजे लेथच्या डाव्या टोकाकडं, जाताना पाडतोस ना, मग डाव्या बाजूला उतार जास्त, सात अंशांपर्यंत. कमी दिलास तर टूलची कूस खाचेच्या भिंतीला घासते. एक बारीक कूं असा आवाज येतो आणि आट्याची एकच बाजू चकचकीत दिसायला लागते. तसं दिसलं की थांब, कट वाढवू नको, टूल काढून घासून आण.

स्क्रूला ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) मिळालं तर घे, साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, चिकट असतं, आटा फाटल्यासारखा दिसतो. आटे संपतात तिथं आधीच ८ मिलिमीटर रुंद आणि २४ व्यासाची खाच पाडून ठेव, टूलला थांबायला जागा पाहिजे. वेग बॅक गिअरवर, म्हणजे लेथ हळू फिरवणाऱ्या गिअरवर, मिनिटाला फेरे पन्नासच्या आसपास. तेल हात आखडून घालू नको.

बॉडी बिडाची कर, नट वेगळा न घालता तिच्यातच आटे पाड. बेळगावात बसून बिडाला तोटा नाही, एखाद्या फाउंड्रीत ओळख काढ, नापास झालेलं कास्टिंग किलोच्या भावात देतात. फक्त वरच्या कातडीत रेती असते आणि ती कडक असते. पहिला कट भीत भीत घेतलास तर टूलची धार त्या कातडीवरच जाते. दोन-अडीच मिलिमीटर खोल घे, कातडीच्या खालून. बीड कोरडंच कापतात, कूलंट नको. संध्याकाळी नाक शिंकरलंस की काळं येईल, तोंडाला रुमाल बांध, पण त्याची टोकं आत खोव. हातातला दोरा, कडं घरी ठेव आणि चालू चकजवळ (जॉब पकडून फिरवतो तो) फडकं नेऊ नको.

आधी स्क्रू पूर्ण कर, मग नटाचे आटे. स्क्रूच तुझा गेज. बॉडी चकमध्ये असतानाच स्क्रू लावून बघायचा, घट्ट वाटला तर आणखी एक कट, परत लावायचा. "होईल की आता" म्हणून बॉडी चकमधून काढलीस की तोच आटा परत पकडताना रडवेल. हातानं स्क्रू पूर्ण आत गेला, कुठं अडकला नाही, आणि धरून हलवलं तर अगदी किंचित हलला, की काढ.

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, वर वजन असताना जॅक आपोआप खाली का येत नाही. आट्याचा चढ ४ अंशांचा, आणि पोलाद-बिडाचा घर्षण कोन साधारण साडेआठ. चढ घर्षणापेक्षा कमी, म्हणून स्क्रू घसरत नाही. दोन बोटांत कोन धरून दाखव, परीक्षकाला आवडतं.

राहिला वरचा कप आणि हँडल. कप, ज्यावर वजन टेकतं, तो सैल ठेव, वजनाखाली स्क्रू फिरला तरी तो फिरायला नको. हँडलचा रॉड १२ चा, स्क्रूच्या डोक्यातलं भोक साडेबारा, आणि रॉडच्या दोन्ही टोकांची धार कानशीनं मोड. आमच्या एका पोराच्या तळहाताला तिथंच दोन टाके पडले होते.